प्रोग्रामिंगसाठी लॅपटॉप घेताना: आधी रॅम बघा, मग लोगो

नवी मुंबईच्या ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या बहुतेक आयटी कंपन्यांत रुजू झालात की लॅपटॉप कंपनीच देते. त्याला ॲडमिनचे हक्क नसतात, पेनड्राइव्ह चालत नाही आणि घरचा प्रोजेक्ट त्यावर करणं नियमात बसत नाही. म्हणजे तुम्ही स्वतःच्या (किंवा बाबांच्या) पैशाने घेताय तो लॅपटॉप कॉलेजची शेवटची वर्षं, इंटरव्ह्यूची तयारी आणि नोकरी लागल्यावर रात्री किंवा रविवारी काहीतरी नवीन शिकायला, एवढ्यासाठीच. हे एकदा लक्षात आलं की लाख-सव्वा लाखाच्या मशिनचा मोह बराच ओसरतो. मी ठाण्यात राहते, ऐरोलीला बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडचं, काम करते आणि कॉलेजची ॲडमिशन झाली की ओळखीची मुलं मला दुकानात ओढून नेतात. तिथे जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

पहिला पैसा रॅमवर. ८ जीबीत विंडोज ११, क्रोमचे दहा-पंधरा टॅब आणि व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) कसेबसे बसतात. त्यावर डॉकर (ॲप वेगळ्या डब्यात चालवायचं टूल) किंवा अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) चालू केलात की माउससुद्धा अडखळायला लागतो. १६ जीबी घ्या. बजेट अगदीच नसेल तर ८ घ्या, पण पुढे वाढवता येईल असंच मशिन घ्या. नेमकं हेच दुकानदार आपणहून सांगत नाही.

गेल्या वर्षी गोखले रोडवरच्या एका दुकानात शेजारचा मुलगा, त्याचे वडील आणि मी गेलो होतो. सेल्समनने वडिलांना पकडलं, "काका, हा घ्या, यात ग्राफिक्स कार्ड आहे. पुढे एआयला लागणारच." काका जवळजवळ पटलेच होते. मी डेमोचा पीस चालू करायला सांगितला. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो; त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करायचं. खाली 'फॉर्म फॅक्टर' म्हणून एक ओळ असते. तिथे 'रो ऑफ चिप्स' लिहिलं होतं, म्हणजे रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली. आज ८ तर कायम ८. बाजूच्या, दिसायला साध्या लॅपटॉपवर 'सोडिम' होतं आणि दोनपैकी एकच स्लॉट भरलेला. "यात नंतर आणखी ८ टाकता येईल," म्हटल्यावर काकांनीच निर्णय दिला. काही मॉडेल्समध्ये ८ जीबी सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा असतो, तेही चालतं. फक्त स्लॉटची खात्री कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून करून घ्या.

ग्राफिक्स कार्डाचं म्हणाल तर मशिन लर्निंग शिकायला गूगल कोलॅब आणि कॅगल या वेबसाइटवर मर्यादित वेळ का होईना, जीपीयू (ग्राफिक्सची चिप) फुकट मिळतो. सुरुवातीला तेवढा पुरतो. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, वर विटेएवढा चार्जर. सकाळी साडेआठला ठाण्याहून वाशी किंवा पनवेल लोकल पकडून, बॅग पोटाशी धरून उभं राहायचं असेल तर हा फरक रबाळ्यापर्यंत खांद्याला कळतो. चौदा इंची, दीड किलोच्या आसपासचा आणि यूएसबी-सीवर चार्ज होणारा बघा.

बाकीचं पटकन. ५१२ जीबी एसएसडी, हार्डडिस्कवाला नकोच. स्क्रीन फुल एचडी. इंटेलचा प्रोसेसर असेल तर नावाशेवटी यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जोरदार पण बॅटरी पिणारा. कीबोर्डवर दुकानातच दोन ओळी कोड टाइप करून बघा. महिरपी कंस आणि अर्धविराम शोधावे लागले तर रोज लागतील.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. यावर मुलं तावातावाने भांडतात. माझं मत सरळ आहे: वेबचं किंवा बॅकएंडचं काम असेल तर तुमचा कोड शेवटी बहुतेक वेळा लिनक्सच्या सर्व्हरवरच चालणार, त्यामुळे लिनक्स आलंच पाहिजे, पण त्यासाठी विंडोज पुसायची गरज नाही. आमच्याकडे एका नवीन मुलाचा प्रोजेक्ट त्याच्या लॅपटॉपवर छान चालत होता आणि सर्व्हरवर टाकला की 'मॉड्यूल सापडत नाही'. फाइलचं नाव मोठ्या एचने, कोडमध्ये इम्पोर्ट छोट्या एचने. विंडोजला दोन्ही सारखंच, मॅकलाही डिफॉल्ट सेटिंगमध्ये सारखंच. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. बिचारा दुपारभर सेटिंग्ज तपासत बसला होता. रोज लिनक्सवर काम करणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यातच कळतं.

विंडोज ठेवून लिनक्स शिकायला डब्ल्यूएसएल आहे, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय. २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती विंडोज १० मध्ये आली, तेव्हापासून त्यात खरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालतो. दोन गोष्टी सांभाळा. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्या उतरवणारी कमांड) लावून चहा पिऊन आलात तरी ते चालूच असेल. आणि डब्ल्यूएसएल डिफॉल्टने मशिनची निम्मी रॅम वापरू शकतं. १६ चा आग्रह धरण्याचं हेही एक कारण.

ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी, करायचंच असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की लिहून ठेवा. नव्या विंडोज ११ मशिनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि बूटच्या सेटिंगला हात लावला की निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, पण ते अकाउंट कॉलेजच्या ईमेलवर असेल आणि कॉलेज संपलं असेल तर अवघड आहे.

फक्त लिनक्सवर राहायचं तर उबुंटू या लिनक्सची एलटीएस, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती, घ्या; ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. मात्र कॅम्पस प्लेसमेंटच्या ऑनलाइन परीक्षांचे लॉक केलेले ब्राउझर अनेकदा लिनक्सवर चालत नाहीत. प्लेसमेंटच्या वर्षात विंडोज कुठेतरी जिवंत असू द्या.

मॅक? आयफोनची ॲप बनवायची असतील तर पर्यायच नाही, त्यासाठी लागणारं ॲपलचं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. २०२० च्या एम१ चिपपासून बॅटरी आणि वेग दोन्ही उत्तम आहेत, मी नाही म्हणणार नाही. पण रॅम नंतर वाढत नाही, आणि बँकांची जुनी, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट फ्रेमवर्कवरची कामं विंडोजलाच बांधलेली आहेत. नुसतं मित्राकडे आहे म्हणून ईएमआय लावून मॅक घेऊ नका. स्नॅपड्रॅगन चिपवालं विंडोजही नवशिक्याने टाळावं; अधूनमधून एखादं टूल किंवा ड्रायव्हर अडतोच.

बजेट तीस हजारांच्या आत असेल तर मी नवीन स्वस्त लॅपटॉपपेक्षा जुना थिंकपॅड (लेनोव्होचा) किंवा लॅटिट्यूड (डेलचा) सुचवते. ऑफिसांतून निघालेली ही मशिन्स मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात, कीबोर्ड दणकट असतो आणि लिनक्स त्यांवर सहसा गुमान चालतं. इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या आधीचं नको: विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे देण्याआधी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) ही कमांड चालवा. तयार झालेल्या फाइलमध्ये डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे शेजारी दिसतील. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करून मगच भाव बोला.