गावच्या चर्चचा इतिहास लिहायला घेताना: वसईतल्या एका विद्यार्थिनीचे अनुभव

वसईच्या कॅथलिकांचा इतिहास म्हटला की दोन सालं सगळ्यांच्या तोंडावर असतात. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. या दोन सालांमध्ये किल्ला, पाद्री आणि धर्मांतर एवढंच बसतं, आणि 1739 नंतर थेट आपल्या आजीच्या लग्नाचा फोटो. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी माझ्याच गावचा विषय घेतला तो मधला हा भला मोठा खड्डा बघून. कोणी असंच काम करायचं म्हणत असेल, मग गाव वसईतलं असो, उत्तनचं असो की चौलजवळच्या कोर्लईचं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे कागद शोधायला निघण्याआधी कारभार कोणाचा होता ते शोधा. चर्च तुमच्या गावात असलं तरी त्याचे कागद गावात असतीलच असं नाही. ज्या बिशपच्या हाताखाली गाव होतं, त्याच्या कचेरीकडे कागद जायचे. आणि वसईचे मालक या बाबतीत बरेच बदलले. 1534 सालीच गोव्याचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा मुलूख, स्थापन झाला आणि वसई त्याच्या अखत्यारीत आली. 1739 मध्ये राज्य पेशव्यांचं झालं, 1818 मध्ये इंग्रजांचं. पण चर्चचा कारभार गोव्याच्या आर्चबिशपकडेच राहिला. 1886 मध्ये दमणचा धर्मप्रांत झाला आणि वसई-साष्टी त्यात गेली. पोर्तुगाल आणि रोम यांच्यातल्या 1928 च्या करारानंतर तो मोडला आणि आपण मुंबईच्या आर्चबिशपकडे आलो. शेवटी 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. म्हणजे 1900 सालच्या एखाद्या तंट्याची फाइल मुंबईत मिळत नसेल तर निराश होऊ नका, ती दमण-गोव्याच्या दिशेने गेलेली असणार. ही सनावळी एका कागदावर लिहून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. माझा निम्मा प्रबंध त्या कागदाने वाचवला.

त्यात आणखी एक गुंता आहे. वसई परिसरातली चर्चेस मुख्यतः फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या संन्यासी संघांनी बांधली, किल्ल्यात डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियनही होते. पोर्तुगालने 1759 मध्ये जेझुइटांना हाकललं आणि 1834-35 मध्ये बाकीचे संघही बरखास्त केले. मठ बंद झाले तसे मठांचे कागदही पांगले. काही पणजीच्या गोवा पुराभिलेखागारात आहेत, काही लिस्बनला. पणजीला जायचं ठरवलंत तर तिथले लिस्बनच्या जहाजांबरोबरच्या वार्षिक पत्रव्यवहाराचे ग्रंथ, ज्यांना 'मोंसोंइश' म्हणतात, त्यांत वसईचे उल्लेख भरपूर आहेत. तिथे एक दिवसासाठी जाऊन काही होत नाही. किमान आठवडाभर राहायची सोय करा आणि आधी सूची बघा.

कॅटलॉगमध्ये शोधताना दोन नावं तुम्हाला हमखास फसवतील. वसईचं इंग्रजी नाव 'बासीन' टाकलंत की निम्मे निकाल ब्रह्मदेशातले येतात, कारण तिथेही बासीन होतं (आजचं पथेइन) आणि तिथेही कॅथलिक धर्मप्रांत आहे! दुसरं 'साल्सेट'. एक साष्टी ठाण्याची, दुसरी गोव्यातली मडगाव-राशोलची, आणि जेझुइट दोन्हीकडे होते. 1583 मध्ये कुंकळ्ळीला मारले गेलेले मिशनरी 'साल्सेटचे' म्हणून नोंदलेले असतात, त्यांचा आपल्याशी काही संबंध नाही. पोर्तुगीज 'बासाइं', मराठी 'वसई' आणि पेशवाईत ठेवलेलं 'बाजीपूर' हे तिन्ही शब्द घालून शोधा.

आता धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या वस्तीच्या, रजिस्टरांबद्दल, कारण माझ्या मते खरा ऐवज तिथेच आहे. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), लग्न आणि दफन अशा तीन वह्या असतात. लग्नाच्या नोंदी ठेवायचा नियम ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 मध्ये घालून दिला, आणि 1614 च्या रोमन विधिग्रंथात नोंदींचे नमुनेच छापले. त्यामुळे नोंदीचा साचा ठरलेला असतो आणि पाचपन्नास वाचल्या की उरलेल्या डोळे मिटून कळतात. पोर्तुगीज नोंद असेल तर 'बातिझेई' (मी स्नानसंस्कार दिला), मग मुलाचं नाव, औरस की नाही, आईबापांची नावं, गाव, 'पाद्रिन्यु' आणि 'माद्रिन्या' म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, शेवटी पाद्र्याची सही. लॅटिन असेल तर शब्द वेगळे, क्रम तोच. पोर्तुगीज शिकायला दोन वर्षं घालवायची गरज नाही. या कामाला चाळीसेक शब्द आणि लपेटी अक्षराची सवय एवढं पुरतं.

तारखांना मात्र जपा. जुन्या हातात सप्टेंबर हा '7' आकडा आणि त्याला जोडून 'ब्रो' असा लिहिलेला असतो. तो जुलै नाही. तसंच 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर, मूळ लॅटिन नावांच्या हिशेबाने. हे माहीत नसेल तर अख्ख्या गावाचे जन्म दोन महिन्यांनी मागे सरकतात आणि वर तुम्ही 'पावसाळ्यात जन्म जास्त' असा निष्कर्ष काढून बसता.

समासाकडेही बघा. 1908 पासून नियम आला की माणसाचं लग्न जिथे लागेल तिथून त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपाशी तसं कळवायचं. त्यामुळे नोंदीच्या शेजारी बारीक अक्षरात नंतर कोणीतरी लिहिलेलं सापडतं: अमुक साली, अमुक चर्चमध्ये, अमुक हिच्याशी. पोर मुंबईला कामाला गेलं, तिथेच लग्न करून राहिलं, हे त्या एका ओळीत कळतं. मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो या समासांवर. तपकिरी शाईतली मूळ नोंद, शेजारी निळ्या शाईत लग्न, कधी त्याखाली तिसऱ्याच हाताने आणखी काही. एका आयुष्यात तीन पाद्री बदललेले दिसतात.

आडनावांचा घोळ वसईकराला सांगायला नको. अख्ख्या आळीचं आडनाव एकच, त्यात नावंही ठरलेली. वहीत 'सेबास्तियांव' लिहिलेलं असतं, घरात तो बस्त्याव. 'मानुएल' म्हणजे मनवेल, 'इनासियो' म्हणजे इनास. एकाच वर्षात एकाच आडनावाचे तीन मनवेल जन्मले तर कोण कोणाचा ते वहीवरून ठरत नाही, घराण्याच्या टोपणनावावरून ठरतं, आणि ते फक्त गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून वही आणि माणसं ही दोन्ही कामं एकदम चालू ठेवा. आधी सगळी रजिस्टरं, मग मुलाखती, असं वेळापत्रक गाइडला छान दिसतं, चालत नाही.

परवानगीचं बघायचं तर रजिस्टरं ही धर्मगुरूंच्या ताब्यातली असतात आणि त्यात जिवंत माणसांच्या खाजगी गोष्टी असतात. विद्यापीठाचं पत्र, विषयाचं एक पान आणि कोणत्या सालापर्यंतच्या वह्या हव्यात ते स्पष्ट लिहून द्या. आपणहून म्हणा की अलीकडची पन्नास-साठ वर्षं नको. निम्मा संशय तिथेच मिटतो. एका ठिकाणी मला महिनोन्महिने 'पुढच्या आठवड्यात या' ऐकावं लागलं, दुसऱ्या ठिकाणी फादरांनी स्वतः कपाट उघडून चहा मागवला. दोन्हीची तयारी ठेवा. लग्नसराईत ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. उपवासकाळात लग्नं नसतात, तेव्हा जा, फक्त ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह सोडून. भर पावसात वह्या उघडूच नका. जुनी शाई कागद खाते आणि दमट हवेत पान हातात तुटतं. बोट ओलं करून पान उलटायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. आणि एखाद्या नोंदीत आईबाप 'अज्ञात' असतील तर त्या घराचं नाव प्रबंधात घालू नका. ते घर आजही तिथेच राहतंय.

तुमचा धर्मग्राम आधी कोणाच्या पोटात होता तेही विचारा. नवी चर्चेस जुन्यातून फुटून निघाली, त्यामुळे पणजोबांची नोंद शेजारच्या गावात असू शकते. चर्चच्या दर्शनी भिंतीवरचं साल बघून हुरळून जाऊ नका. ते कधी धर्मग्रामाच्या स्थापनेचं असतं, कधी आजच्या इमारतीचं, कधी नुसत्या डागडुजीचं.

पेशवाईसाठी पुण्याला जावं लागेल. पेशवे दफ्तर पुणे पुराभिलेखागारात आहे, कागद रुमालांत बांधलेले आणि मोडीत. मोडी येत नसेल तर आधी वर्ग लावा, हे काम दुसऱ्याकडून वाचून घेऊन होत नाही. साल शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना) आणि अरबी शब्दांत असतं: 'तिसा सलासैन मया व अलफ' म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, एकूण 1139. त्यात महिन्याप्रमाणे 599 किंवा 600 मिळवा, की 1738-39, म्हणजे वसईच्या मोहिमेचं वर्ष. 'ख्रिस्ती' शब्द तिथे शोधत बसू नका. 'किरिस्ताव', 'फिरंगी', 'पाद्री' शोधा. वसईच्या मोहिमेतल्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला टांगलेल्या आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. पण घंटा गेल्यावर मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुणब्याने कोणाला सारा भरला, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

धर्मांतर जुलमाने झालं की मनाने, हे तुम्हाला तोंडी परीक्षेत विचारणार, गावात विचारणार, लग्नाच्या पंगतीतही विचारणार. एका शब्दाचं उत्तर देऊ नका. फ्रान्सिस्कन अंतोनियो दो पोर्तो यांनी देवळं पाडून चर्चेस उभारल्याचं मिशनऱ्यांचेच ग्रंथ अभिमानाने सांगतात, तेव्हा जोरजबरदस्ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच ग्रंथांतले हजारोंचे आकडे युरोपातल्या वरिष्ठांना खूश करायला लिहिलेले आहेत, तेही तसेच उचलू नका. आणि राज्य गेल्यावर काही कुटुंबं परत हिंदू झाली, बरीच झाली नाहीत. पोर्तुगीज गेले, सक्ती करणारं कोणी उरलं नाही, तरी ही माणसं ख्रिस्ती का राहिली? माझ्या दृष्टीने वसईच्या इतिहासातला हा सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न आहे. त्याचं उत्तर किल्ल्यात नाही, लग्नाच्या वह्यांत आहे: सोयरिकी कोणत्या गावांत झाल्या, सामवेदी सामवेद्यात आणि वाडवळ वाडवळात कसे राहिले, धर्मपिता कोण निवडला जायचा. धर्म बदलला तरी जातीची वीण उसवली नाही. हे लिहिलं की गावात दोन माणसं रागावतात. रागावू द्या.

मुलाखतीत 'तुमच्या श्रद्धेबद्दल सांगा' असं विचारलंत तर प्रवचन ऐकायला मिळेल. वस्तूंबद्दल विचारा. लग्नात उंबराचं पाणी कुठल्या विहिरीवरून आणायचे? वाडीतला क्रूस कोणी बांधला, प्लेगच्या साली की नवसाने? निर्मळच्या यात्रेत सुकेळी विकायला कोण बसायचं? माझ्या ओळखीचे एक आजोबा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधी, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये होती तेव्हा, वेदीसेवक होते. मी सहज विचारलं तेव्हा त्यांनी हातातली पानवेलीची जुडी बाजूला ठेवली आणि सगळी उत्तरं एका दमात म्हणून दाखवली, शेवटच्या 'देओ ग्रात्सिआस'पर्यंत. अर्थ विचारला तर म्हणाले, "अर्थ फादरला ठावं, आपल्याला वेळेवर म्हणायचं काम." मग तासभर मराठी मिस्सा आली तेव्हा गावात काय काय बोलणी झाली ते सांगत बसले. पुस्तकात हे मला कुठेच मिळालं नव्हतं. रेकॉर्डिंग करा, पण बोलीत बोलू द्या. तुम्ही प्रमाण मराठीत विचारलंत की तेही शाळेतल्यासारखे बोलायला लागतात.

मुंबईत सेंट झेविअर्स कॉलेजातली हेरास इन्स्टिट्यूट आणि काळा घोड्याचं राज्य पुराभिलेखागार ही दोन ठिकाणं सोडू नका. 1882 चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि 1876 चं गर्सन दा कुन्हा यांचं चौल-वसईवरचं पुस्तक आधी वाचून टाका, कारण पुढच्या बऱ्याच मराठी लेखांत तेच फिरून फिरून येतं आणि मूळ कुठलं ते ओळखता आलं पाहिजे. 'सुवार्ता' मासिकाचे जुने अंकही चाळा, त्यांत गावोगावच्या बातम्या आहेत ज्या वर्तमानपत्रांनी कधी छापल्या नाहीत.

विषय शक्य तितका लहान घ्या. एक धर्मग्राम, एक प्रकारची वही, चाळीस-पन्नास वर्षं. 1880 ते 1928 हा तुकडा मला सर्वात बरा वाटतो: रेल्वे आलेली, मुंबईची वाट खुली, दमणचा धर्मप्रांत उभा राहून मोडतोय, आणि वह्या बहुतेक ठिकाणी वाचण्याजोग्या. नोंदी एक्सेलमध्ये घालताना मूळ स्पेलिंग एका रकान्यात, आजचं नाव दुसऱ्यात ठेवा. एकत्र केलंत की परत सुटं करता येत नाही. काम झालं की त्या यादीची एक छापील प्रत धर्मग्रामाच्या ऑफिसला द्या, आडनावांच्या क्रमाने लावून. दाखल्यासाठी येणाऱ्या माणसाची नोंद शोधायला ऑफिसातल्या बाईंना तीच उपयोगी पडते, आणि तुमच्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्याला कपाट उघडून मिळतं.