चारचौघांपेक्षा वेगळं घर आणि त्यात पडलेला खून

कम्यून म्हणजे सगळं सामायिक ठेवून एकत्र राहणारा समूह, एका छपराखाली राहणारे चार जोडीदार, बीडीएसएम म्हणजे संमतीने बांधणं, हुकूम आणि वेदना यांचा लैंगिक खेळ करणारा गट. अशा पार्श्वभूमीवर खूनकथा लिहायची तर एक पथ्य पाळाच: खुनी ‘तसला’ होता म्हणून खून झाला, हे उत्तर बाद. वाचकाने ते कधीच ताडलेलं असतं. वैद्यकीय आधारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात संमतीने होणारा सॅडोमॅसोकिझम (वेदना देण्या-घेण्यातलं लैंगिक सुख) विकार म्हणून उरलेला नाही.

लिहायला बसण्याआधी तक्ता आखा. प्रत्येक पात्रापुढे चार रकाने: घर कोणाच्या नावावर, पैसा कोणाच्या हातात, कोणाचं गुपित कोणाला ठाऊक, आणि उद्या निघायचं ठरवलं तर जाणार कुठे. चौथ्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ज्याला जायला जागा नाही त्याच्या होकाराला किती अर्थ? खुनाचा हेतू बहुधा तिथेच दडलेला असतो. मग मिरवलेली सत्ता आणि खरी सत्ता ताडून पाहा. ‘मालक’ म्हणवणाऱ्याच्या खिशात दमडी नाही आणि हुकूम झेलणारीच्या नावावर घर आहे, एवढ्यावर शोधकाला शंभर पानं चकवता येतं.

संशयित मात्र चार-पाचच ठेवा. चार माणसांत सहा जोड्या होतात, सहा माणसांत पंधरा; प्रत्येक जोडीचं नातं निराळं, वाचकाला ते पेलत नाही.

धागेदोरे त्या घराच्या नियमांतूनच काढा. कोण कोणत्या रात्री कोणाच्या खोलीत, हे अनेक घरांत सामायिक कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. ती आयती अ‍ॅलिबी, म्हणजे खुनाच्या वेळी दुसरीकडे असल्याचा पुरावा. नोंद मागाहून कोणी बदलली एवढंच दाखवायचं. बीडीएसएममध्ये थांबण्यासाठी सेफवर्ड, म्हणजे खुणेचा शब्द, ठरलेला असतो, बऱ्याचदा लाल-पिवळा-हिरवा. तोंडात बोळा असेल तर शब्द कुचकामी, म्हणून हातात चेंडू किंवा किल्ल्यांचा जुडगा देतात. तो खाली पडला की सगळं तिथेच थांबतं. बांधलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत आणि बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवतात. आता तिसऱ्या प्रकरणात ही कात्री खुंटीला लटकलेली सहज दाखवा. खुनाच्या रात्री खुंटी रिकामी आणि जुडगा शेजारच्या खोलीत. पोलीस म्हणतील खेळ हाताबाहेर गेला. घरातल्यांना मात्र दिसेल की हा खेळ नव्हताच, तसा देखावा मांडलाय.

देखावा उघडा पाडायला शवविच्छेदन आहे. गळफासाचा वळ सहसा तिरका, गळ्यावर उंच आणि गाठीपाशी तुटलेला असतो. मागून दोरीने आवळला तर आडवा, बहुधा अखंड. मृत्यूनंतर रक्त खाली साकळून पडलेले डाग साधारण ८ ते १२ तासांत पक्के होतात. प्रेत उताणं आणि पक्के डाग छातीवर, म्हणजे कोणीतरी ते नंतर हलवलं. ताठरता २ ते ४ तासांत जबडा-मानेत जाणवू लागते, १२ तासांच्या सुमारास सर्वांगात. थंडी-उकाड्याने हे आकडे बरेच सरकतात, तेव्हा डॉक्टरच्या तोंडी घड्याळातली नेमकी वेळ घालू नका. तिथे जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

‘त्याची संमती होती’ हा बचाव आरोपीच्या तोंडी शोभतो, पण कथा घडते त्या देशाचा कायदा आधी बघा. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायपीठ) १९९३ सालीच अशा इजेच्या खटल्यात संमतीचा बचाव नाकारला आणि २०२१च्या कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्याने लैंगिक सुखासाठी केलेल्या गंभीर इजेबाबत तो स्पष्टपणे बंद केला. तिथल्या वकिलाने तो मांडून खटला जिंकला, तर ती लेखकाची चूक.

माहितीचे परिच्छेद ओतण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. नियम समजावू नका, तो मोडताना दाखवा. इतर पात्रं दचकली की नियम कळतो. खर्डा झाला की अशा घरात राहणाऱ्या एखाद्याला वाचायला द्या आणि विचारा, कुठल्या पानावर हसू आलं? ती पानं पुन्हा लिहायची.