सासरच्या कैद्याचा माग काढताना

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. माझ्या सासरी, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, काळ्या पाण्यावर आलेला माणूस घरचाच होता: यजमानांचे खापरपणजोबा. त्यांचा माग काढायला मला दोन हिवाळे लागले. तुम्हाला एवढे लागू नयेत म्हणून हे लिहितेय.

आधी जहाजाचं नाव शोधा. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटिशांनी सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात धाडले. एकाच नावाचे ढिगानं सापडतात, म्हणून दप्तरात माणूस ओळखायचा तो नाव आणि जहाज या जोडीवरून. टास्मानियाच्या अभिलेखागाराची नावसूची ऑनलाइन आहे, फुकट आहे, मूळ पानंही दिसतात. नाव लागलं नाही तर खोट्या नावाची शक्यता धरा. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर झळकणारी मेरी रीबी घोडाचोरीत पकडली गेली तेव्हा मुलाच्या वेशात होती आणि नाव सांगत होती जेम्स बरो.

खटल्यासाठी ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाची १६७४ ते १९१३ ची कामकाजपत्रं आहेत, पण ती लंडनची. बाकीच्यांसाठी त्या त्या परगण्याची दप्तरं आणि जुनी वर्तमानपत्रं चाळा.

आता वर्तणुकीच्या नोंदीचं पान. इथे मात्र घाई करू नका. पळालाच तर ओळखता यावा म्हणून उंची, डोळ्यांचा रंग, व्रण, गोंदण सगळं टिपलेलं असतं. आमच्या माणसाच्या डाव्या दंडावर जहाजाचा नांगर आणि दोन अक्षरं होती. त्याच पानावर खाली, बारीक अक्षरात: बायको, दोन मुलं. गोंदलेली अक्षरं तिच्याच नावाची. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कडेला ‘टी. एल.’ दिसलं तर तो परवाना, नेमून दिलेल्या भागात स्वतः कमावून खायचा. ‘सी. पी.’ म्हणजे सशर्त माफी: माणूस मोकळा, पण ब्रिटनला परतायची बंदी. आमच्याला हीच मिळाली. पुढे इथल्या लग्नाच्या नोंदीत त्यानं स्वतःला विधुर लिहवलंय.

तिथेच थांबू नका. मागे राहिलेल्यांनाही शोधा. इंग्लंडच्या १८५१ च्या जनगणनेत ती मला सापडली, दोन्ही मुलांसह. धंदा, लोकांची धुणी धुणं. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात तिनं ‘विवाहित’ लिहवलं होतं.