टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, तरी हनुवटीवर केस? पीसीओएसचा रिपोर्ट असा वाचा

पीसीओएस हा पाळी आणि अंडाशयावर परिणाम करणारा हार्मोनचा आजार. त्यात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन नॉर्मल असूनही केस का येतात, याचं उत्तर बहुतेकदा रिपोर्टमधल्या वेगळ्याच ओळीत असतं: एसएचबीजी. यकृतात तयार होणारं हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. मोकळं राहिलेलं टेस्टोस्टेरॉनच केसांच्या मुळांवर आणि त्वचेवर काम करतं. रक्तात इन्शुलिन वाढलं की यकृत एसएचबीजी कमी बनवतं, आणि एकूण आकडा तोच राहूनही मोकळा वाटा वाढतो.

या मोकळ्या वाट्याचा अंदाज घेणारा हिशेब घरी होतो. एकूण टेस्टोस्टेरॉन (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) 0.0347 ने गुणा, एसएचबीजीने (नॅनोमोल प्रति लिटर) भागा, मग 100 ने गुणा. टेस्टोस्टेरॉन 45 आणि एसएचबीजी 60 असेल तर उत्तर 2.6 येतं. एसएचबीजी 18 असेल तर 8.7. साधारण 5 च्या वर गेलं की डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते.

तपासणी चुकीच्या वेळी केली तर हा सगळा हिशेब वाया जातो. गर्भनिरोधक गोळ्या एसएचबीजी वाढवतात, म्हणून डॉक्टरांना विचारून त्या 3 महिने आधी थांबवाव्या लागतात (तेवढ्या काळात दुसरं गर्भनिरोधक वापरा). केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आधीच सांगा, त्याने आकडे चुकतात. पाळी येत असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी रक्त द्या. साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन 2 तासांनी करतात ती करून घ्या. तिथे 140 ते 199 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात.

इन्शुलिनचा दुसरा परिणाम थेट अंडाशयावर होतो. स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं, पण अंडाशय दाद देतच राहतं. तिथल्या थीका पेशी मेंदूकडून येणाऱ्या एलएच या हार्मोनच्या इशाऱ्यावर अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स) बनवतात, आणि इन्शुलिन त्यांना आणखी जोर देतं. बारीक बायकांतही हे घडतं. मानेवरचा काळपट, मखमली पट्टा मळ नसतो, ती बहुतेकदा वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते. घासून तो जाणार नाही, उलट त्वचा सोलवटेल.

ताणाचं काम अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून चालतं. मेंदूकडून एसीटीएच हे हार्मोन आलं की ती कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनबरोबर अँड्रोजेनही सोडते. त्यातलं डीएचईए-एस जवळजवळ पूर्ण तिथलंच असतं, आणि पीसीओएस असलेल्या साधारण 20 ते 30 टक्के बायकांत ते वाढलेलं सापडतं. शिवाय कॉर्टिसॉल साखर चढवतं, म्हणजे पुन्हा इन्शुलिन. तरीही "टेन्शन घेतेस म्हणून झालं" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ताण आजार वाढवू शकतो, पण आजाराचं मूळ बरंचसं आनुवंशिक असतं.

म्हणून सुरुवात इन्शुलिनपासून करा. सकाळी नुसते पोहे आणि गोड चहा घेण्याऐवजी पोह्यांत मोड आलेली मटकी घाला, किंवा ज्वारीची भाकरी आणि पिठलं खा. उपवासाला साबुदाण्याऐवजी वरी घेतली तरी तीही पिष्टच; ताटात दही आणि शेंगदाणे हवेत. जेवणानंतर 10 ते 15 मिनिटं चाला. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दमवणारी चाल आणि 2 दिवस वजनाचा व्यायाम ठेवा, कारण साखर सर्वाधिक खपते ती स्नायूंतच.

ताणासाठी पहिली दुरुस्ती झोपेची. थोड्या रात्रींच्या अपुऱ्या झोपेनेही इन्शुलिनचा परिणाम घटतो. जोरात घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबणं) तपासून घ्या. पीसीओएसमध्ये तो जास्त आढळतो.

आवाज घोगरा झाला किंवा काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. अंडाशय किंवा अ‍ॅड्रिनलची गाठ नाही ना, हे पाहावं लागतं. एरवी पाळीच्या तारखा आणि कमरेचा घेर लिहून ठेवा. फरक आधी तिथे दिसतो. केसांना किमान 6 महिने लागतात, तोवर थ्रेडिंग खुशाल करा, त्याने केस जाड होत नाहीत.