फ्रान्सच्या खेड्यांतून, मोटारींशिवाय: ग्रॅव्हल सायकलचा मार्ग स्वतः कसा आखावा

फ्रान्सच्या बुर्गोन्य (बर्गंडी) भागात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी जाड टायरची सायकल, घेऊन कुठे जावं असं विचारलं की बहुतेक जण ॲपवरचा तयार मार्ग पाठवतात. तो घेऊ नका. कुणीतरी ऑगस्टच्या कडक उन्हात तो एकदा केलेला असतो आणि तुम्ही निघता एप्रिलमध्ये, आठवडाभर पाऊस पडून गेल्यावर. इथल्या दिजों शहरात राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी याच भागात सायकल चालवते. दिवसभर मोटार दिसू नये असं वाटत असेल तर मार्ग स्वतः आखावा लागतो, हे माझं आता ठाम मत आहे. संध्याकाळचे दोन तास पुरतात.

१. स्टेशन निवडा

एका स्टेशनवर उतरा आणि दुसऱ्यावरून परत या. प्रादेशिक गाड्यांत सायकल सहसा अशीच चढवता येते. उन्हाळ्यात काही प्रदेशांत आधी जागा धरावी लागते, तेवढं बघून घ्या. पॅरिस-दिजों मार्गावरचं मोंबार मला सगळ्यात सोयीचं वाटतं. पुढची उदाहरणं तिथलीच आहेत.

२. नकाशा उघडा

फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा, म्हणजे आयजीएनचा, १:२५,००० चा नकाशा घ्या. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. अखंड काळी बारीक रेघ म्हणजे शेतात किंवा जंगलात जाणारा कच्चा रस्ता, तुटक रेघ म्हणजे पायवाट. आपल्याला अखंड रेघा हव्यात. तुटक रेघेवर सायकल ढकलावी लागेल असं धरून चाला.

३. कालवा जोडण्यापुरताच घ्या

मिजेनपासून सें-जां-द-लोनपर्यंत २४२ किलोमीटरचा बुर्गोन्य कालवा मोंबारमधूनच जातो. त्याच्या काठची वाट सपाट आहे, पण दिवसभर तिच्यावर राहिलात तर आजूबाजूची टेकाडं आणि जंगलं दुरूनच बघाल. दोन जंगलं जोडायला ती उत्तम. जुन्या रेल्वेमार्गांवर केलेल्या हरित वाटांचंही तसंच. जिव्री ते क्लुनी ही ४४ किलोमीटरची, १९९७ साली सुरू झालेली देशातली पहिली हरित वाट मुलांना घेऊन जायला फार छान, पण ती डांबरी आहे.

४. जमीन ओळखा

इथे घाई करू नका. मला हे कळायला दोन वर्षं लागली. कुठलंही ॲप ते सांगत नाही आणि त्याविषयी कुणी बोलतही नाही.

पहिल्या वर्षी, एप्रिलमध्ये, मोंबारच्या दक्षिणेला ओसुआ भागात मी नकाशावरची एक सुरेख काळी रेघ धरली. चढ बेताचा होता, दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं आणि पांढऱ्या शारोले गाई. तीनशे मीटरवर पुढचं चाक फिरेना. टायर आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मधे राखाडी चिखल असा घट्ट बसला की काडीने उकरूनही निघेना. मी जोर लावून पेडल मारलं आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, वाकवला. त्यानंतर तीन किलोमीटर सायकल खांद्यावर होती. तेव्हापासून सांगते: चिखलात चाक अडलं की पेडल मारू नका. उतरा, सायकल उचला आणि आल्या वाटेने परत फिरा.

चूक रेघेची नव्हती, जमिनीची होती. ओसुआचे उतार मार्लचे आहेत. मार्ल म्हणजे चुना मिसळलेली चिकणमाती. आपल्याकडची ओली काळी जमीन चपलेला कशी धरते ते ज्यांनी अनुभवलंय, त्यांना हे लगेच कळेल. त्याच मोंबारच्या उत्तरेला आणि पूर्वेला मात्र चुनखडीचं पठार आहे. तिथे पावसानंतर दुसऱ्या दिवशी रस्ता कोरडा असतो, कारण पाणी भेगांतून थेट खाली जातं. फोंतनेचा बाराव्या शतकातला मठ स्टेशनपासून जेमतेम सहा किलोमीटरवर आहे आणि त्याच्याभोवतीच्या जंगलातल्या वाटा चुनखडीच्या पांढऱ्या खडीच्या आहेत. नैर्ऋत्येकडचा मॉर्वां हा डोंगराळ भाग ग्रॅनाइटचा आहे. ग्रॅनाइट झिजून जाडी वाळू होते आणि तीही पाणी धरत नाही. सोन नदीपलीकडचं ब्रेस पुन्हा चिकणमातीचं. तिथे ऑक्टोबर ते मे मी कच्च्या रस्त्यावर पाऊल ठेवत नाही.

हे घरबसल्या बघता येतं. भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे, बीआरजीएमचे, १:५०,००० चे नकाशेही फुकट दिसतात. रंग पाठ करायची गरज नाही. रेघेवर बोट ठेवा आणि खालच्या खडकाचं वर्णन वाचा. ‘कालकेर’ म्हणजे चुनखडी, बिनधास्त जा. ‘मार्न’ (मार्ल) किंवा ‘आर्जिल’ (चिकणमाती) दिसलं तर कोरड्या महिन्यांतच जा. खडकाच्या खुणेतलं पहिलं अक्षर ‘एल’ (l) असेल तर तो लिआस, म्हणजे सुरुवातीच्या जुरासिक, काळातला थर, आणि ओसुआत तो बहुतेक मार्लचाच. अक्षर ‘जे’ (j) असेल तर मध्य किंवा वरचा जुरासिक. तो बहुधा चुनखडीचा असतो, पण त्यातही मार्लचे पट्टे येतात. म्हणून अक्षर पाहून थांबू नका, वर्णन वाचाच.

आणखी एक सापळा. या भागातल्या टेकड्यांचा माथा चुनखडीचा आणि उतार मार्लचा असतो. ज्या मों ओसुआवर इसवी सनपूर्व ५२ मध्ये सीझरने गॉल सैन्याला वेढा घातला, ती टेकडीही अशीच. माथ्यावर मुरलेलं पाणी मार्लला लागलं की पुढे मुरत नाही, बाजूने बाहेर पडतं. त्यामुळे दोन थरांच्या सांध्यावरून टेकडीला वळसा घालणारी वाट नकाशात सगळ्यात मोहक दिसते आणि जुलैमध्येही ओली असते. नकाशावर झरे आणि धुणी धुण्याच्या जुन्या जागा एका रांगेत दिसल्या की तो सांधा समजा. त्याच्या वरून जा किंवा तो आडवा कापा. त्याच्या कडेकडेने जाऊ नका.

‘हीटमॅप बघा, जिथे लोक जातात तिथे जा’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. हीटमॅप म्हणजे ॲप वापरणारे कुठून किती गेले ते रंगाने दाखवणारा नकाशा. हीटमॅपला महिना कळत नाही, सायकल चालवत नेली की ढकलत नेली तेही कळत नाही. हवाई छायाचित्र मात्र जरूर बघा. दोन पांढऱ्या चाकोऱ्या आणि मधे गवत दिसलं तर रस्ता वापरात आहे. सलग हिरवं दिसलं तर रेघ फक्त नकाशावर उरली आहे. विसाव्या शतकात शेतजमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा अशा पुष्कळ जुन्या वाटा नांगराखाली गेल्या.

५. वहिवाट तपासा

नकाशावरची रेघ रस्ता आहे असं सांगते, जायचा हक्क आहे असं नाही. ‘शमँ रुराल’ ही आपल्या पाणंदीसारखी गोष्ट: मालकी गावाची, वापर सगळ्यांचा. ‘शमँ देक्सप्लोआतासियों’ शेतमालकांच्या सोयीसाठी असतो. एरवी जाता येतं, पण लोकांना बंदी करायचा अधिकार मालकांना आहे. मालकीहक्काच्या सरकारी नकाशावर, कादास्त्रवर, ही नावं बहुतेक ठिकाणी रस्त्यावरच छापलेली असतात. शंका असलेल्या तुकड्यांपुरतं बघा. ‘प्रोप्रियेते प्रिव्हे’ (खासगी मालमत्ता) अशी पाटी दिसली तर मागे फिरा. २०२३ च्या कायद्यानुसार खासगी म्हणून स्पष्ट खूण केलेल्या शेतात किंवा जंगलात शिरणं दंडनीय आहे, आणि दंड १३५ युरोंचा आहे. सरकारी जंगलाच्या तोंडाशी आडवा दांडा असेल तर तो सहसा मोटारींसाठी असतो. पाटी वाचा आणि सायकलला मनाई नसेल तर बाजूने जा. ‘रस्ता पुढे बंद’ हा निळा फलकही बऱ्याचदा मोटारींपुरताच खरा असतो. मी तर आखताना असेच रस्ते शोधते.

मॉर्वांत डग्लस फर झाडांची मोठी लागवड आहे. तोड चालू असली की लाकूड ओढणारी यंत्रं गुडघाभर खोल चाकोऱ्या पाडतात. तिथे प्रत्येक जंगलासाठी एक पर्यायी वाट आखून ठेवा.

६. तारीख ठरवा

सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. रविवारी जंगलात हाका घालून जनावरं उठवतात. ‘शास आं कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर आत जाऊ नका, कितीही जवळचा रस्ता असो. त्या महिन्यांत भडक नारिंगी जाकीट घाला.

७. निघा

टायर ४० ते ४५ मिलिमीटरचे, ट्यूबलेस. चिमट्यात टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवी. मडगार्ड नको.

खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात, रविवार दुपार आणि सोमवार तर बऱ्याच ठिकाणी पूर्णच, म्हणून जेवण बरोबर घ्या. पाण्यासाठी दफनभूमी शोधा. जवळपास प्रत्येक गावात एक असते, नकाशावर ती क्रॉसने दाखवलेली असते आणि दाराजवळ नळ असतो. ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं पाणी पिऊ नका. आत शांतपणे जा, सायकल भिंतीबाहेर ठेवा.

परत आल्यावर त्याच रात्री नकाशावर लिहून ठेवा: कोणता तुकडा, कोणता महिना, आदल्या आठवड्यात पाऊस किती. माझ्या नकाशात मोंबारच्या वरच्या एका रेघेशेजारी ‘नोव्हेंबर ते मार्च नाही’ असं आहे, आणि तिच्यापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या दुसरीशेजारी ‘बारा महिने’.