सिक्वेलचा प्रीव्ह्यू लिहायला बसण्याआधी

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षातली मुलंमुली परीक्षा आटोपल्या की भेटायला येतात. ‘‘ताई, गेमिंगवर लिहून पोट भरतं का?’’ भरतं, पण उशिरा. मुंबईत निव्वळ गेमिंगवर चालणारी डेस्क मोजकीच. बहुतेक ठिकाणी एकच माणूस दिवसा मोबाइल आणि इअरबड्सवर लिहितो, रात्री गेमवर. पैशांबद्दल माझ्याकडे याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. कामाबद्दल मात्र आहे. नव्या माणसाच्या टेबलावर पहिल्या काही दिवसांत जे येऊन पडतं, ते जवळजवळ नेहमी कुठल्यातरी सिक्वेलचा, म्हणजे आधीच्या गेमच्या पुढच्या भागाचा, ट्रेलर किंवा प्रीव्ह्यू (गेम येण्याआधीची झलक आणि तिच्यावरचा लेख) असतो, कारण वाचक तिथेच गर्दी करतो. नव्याकोऱ्या गेमची बातमी कितीही चांगली लिहा, अमुक गेमच्या दुसऱ्या भागात हिरोचे केस कापले या बातमीपुढे ती मागेच पडते.

आधी वेळेचं बोलू. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा असतात आणि हिवाळ्यात साडेअकरा, कारण ते घड्याळ पुढेमागे करतात, आपण नाही. एम्बार्गोच्या, म्हणजे ‘अमुक वेळेआधी छापू नका’ या अटीच्या, मेलमध्ये त्यांची वेळ लिहिलेली असते, ती आपल्या वेळेत मांडून कॅलेंडरवर टाकायची आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायची. एम्बार्गो तासभर आधी फोडणाऱ्याला पुढच्या वेळी मेल येत नाही, इतकं ते सरळ आहे. ई३ हा लॉस एंजलिसचा मेळा डिसेंबर २०२३ मध्ये कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. आता जूनमधला समर गेम फेस्ट, ऑगस्टमध्ये कोलोनचा गेम्सकॉम आणि वर्षभर कंपन्यांचे आपापले व्हिडिओ. म्हणजे एकच मोठा आठवडा जागून काढायचा, ती सोय गेली. कल्याण-डोंबिवलीला राहणाऱ्यांनी हे ऑफिसातून कव्हर करायचा हट्ट धरू नये. शेवटची गाडी ट्रेलर संपायची वाट बघत नाही.

आता मुद्द्याचं. प्रीव्ह्यूमध्ये तुम्हाला गेम दिसत नाही, गेममधून निवडून काढलेला तुकडा दिसतो. कधी दुसरं कुणी खेळतं आणि तुम्ही पाहता, तो हँड्स-ऑफ. कधी अर्धा-एक तास हातात कंट्रोलर मिळतो, तो हँड्स-ऑन. दोन्हीत कुठली लेव्हल, कुठलं शस्त्र, कुठला व्हिडिओ वापरायचा, हे कंपनीनं ठरवलेलं असतं. म्हणून वहीत पहिल्या ओळीला लिहा: कोणत्या मशिनवर चाललं होतं, खेळत कोण होतं, किती वेळ, कोणता भाग, काय विचारायला मनाई होती. ही ओळ छापायची सुद्धा. कंटाळवाणी वाटते, पण सहा महिन्यांनी तीच तुमची अब्रू राखते. ‘किलझोन २’चा २००५ सालच्या ई३ मधला व्हिडिओ चालू गेममधला नव्हता, ॲनिमेशनसारखा आधीच रेंडर करून ठेवलेला होता, गेम आला २००९ मध्ये. ‘मेटल गिअर सॉलिड २’च्या ट्रेलरांनी तर ज्याच्या भूमिकेतून बहुतेक गेम खेळायचा होता त्या रायडनलाच लपवलं आणि सगळीकडे मागच्या भागाचा नायक स्नेक दाखवला. ‘सायबरपंक २०७७’च्या वेळी डिसेंबर २०२० मध्ये रिलीजच्या आधी परीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती. जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर काय अवस्था आहे हे लोकांनी विकत घेतल्यावर पाहिलं, आणि आठवडाभरात सोनीनं तो आपल्या डिजिटल दुकानातून उतरवला. तेव्हा कुठल्या मशिनवर पाहिलं, ते न लिहिणारा प्रीव्ह्यू मी तरी पास करत नाही.

हे झालं दाखवणाऱ्यांचं. पाहणाऱ्यांचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. सिक्वेलचा ट्रेलर बघणारा माणूस नवा गेम बघतच नसतो. तो जुन्या गेमची आठवण मांडीवर घेऊन बसलेला असतो आणि दोन्ही जुळवून बघतो. ही आठवणही बऱ्याचदा कंपनीनंच घडवलेली असते. निन्टेंडोनं २००० साली आपल्या नव्या गेमक्यूब कन्सोलची ताकद दाखवायला ‘झेल्डा’ मालिकेतला नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ यांची एक वास्तववादी तलवारबाजी दाखवली. पुढची ‘झेल्डा’ अशीच दिसणार, असं लोकांनी धरून टाकलं. वर्षभरानं, ऑगस्ट २००१ मध्ये, ‘द विंड वेकर’ समोर आला तो मोठाल्या डोळ्यांचा, कार्टूनसारखा लिंक घेऊन. चाहते भडकले. आज तोच गेम त्या मालिकेतल्या सर्वांत देखण्या गेमांमध्ये धरतात. ‘डायब्लो ३’चंही तसंच. २००८ मध्ये पहिला व्हिडिओ आल्यावर रंग फार उजळ आहेत, डायब्लो अंधारा हवा, म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज काढला. तो बनवणाऱ्या ब्लिझार्डनं २०१२ मध्ये गेम आणला तेव्हा आत एक गुप्त लेव्हल होती: इंद्रधनुष्य, टेडी बेअर, हसरी फुलं. असा टोमणा मारायला चार वर्षं दम धरावा लागतो.

या दोन गोष्टी ऐकून मुलं लगेच निष्कर्ष काढतात की चाहते उगाच ओरडतात. थांबा. २३ जुलै २०२० ला ‘हेलो इन्फिनिट’चा गेमप्ले दाखवला गेला. त्यात ब्रूट जातीच्या एका परग्रहवासी शत्रूचा चेहरा इतका सपाट आणि निर्विकार होता की लोकांनी त्याचं नाव क्रेग ठेवलं आणि दोन दिवसांत इंटरनेटभर क्रेगच क्रेग झाला. चेष्टेच्या खाली तक्रार खरी होती: प्रकाशयोजना सपाट, टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागांचे पोत, अर्धवट. ऑगस्टमध्ये गेम पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. कारणांत कोविडही होता, पण तो व्हिडिओ कुणी विसरलं नव्हतं. अखेर ८ डिसेंबर २०२१ ला गेम आला, आधीच्या नियोजनापेक्षा वर्षभर उशिरा. माझा ठोकताळा असा: तक्रार चवीची आहे की कारागिरीची, हे आधी वेगळं करा. रंग, कलाशैली, नायक बदलला, ही चवीची तक्रार, आणि ती गेम हातात आल्यावर बरेचदा विरते. चेहरा हलत नाही, फ्रेम अडखळतात, सावल्या पडत नाहीत, ही कारागिरीची, आणि ती ऐकायची असते. लेखात दोन्ही एका वाक्यात कोंबली की वाचकाला काहीच कळत नाही.

आपल्या घराजवळचं उदाहरण सांगते, आणि यावर जरा थांबू. १० सप्टेंबर २०२० ला युबिसॉफ्ट कंपनीनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक जाहीर केला. काटेकोर बोलायचं तर सिक्वेल नव्हे, पण आठवणींचा भार तोच, किंबहुना जास्तच. काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. इतक्या मोठ्या नावाचा गेम आपल्याकडे बनतोय याचं अप्रूप तुम्हाला आज कदाचित कळणार नाही. इथल्या कितीतरी जणांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, सर बाहेर गेले की, डॉसवर तो पांढऱ्या कपड्यांतला प्रिन्स काट्यांवर पाडलेला आहे. पुढे सायबर कॅफेत २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’. आणि ट्रेलर आला तर चेहरे मेणासारखे, उजेड जुन्या पिढीच्या कन्सोलसारखा. जगभरातून तक्रारी झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कारागिरीच्या होत्या.

पण दुसऱ्या दिवशी त्यांत आणखी एक सूर मिसळला: भारतात बनवला म्हणून असा झाला. आणि त्याला उत्तर म्हणून आपल्याकडून उलटा सूर: आपला आहे, नावं ठेवू नका. डेस्कवर बसलेल्यानं हे दोन्ही सूर बाजूला ठेवायचे असतात. गेम कुठल्या शहरात बनला यावरून चेहऱ्यावरचा उजेड ठरत नाही. तो ठरतो किती वेळ मिळाला, किती माणसं होती, कुठलं इंजिन, काय मंजूर झालं यांवरून, आणि यांतलं काहीच ट्रेलरमध्ये दिसत नाही. त्या वेळी लिहिता येण्यासारखं एवढंच होतं: दिसलं काय, जाहीर तारीख कोणती (२१ जानेवारी २०२१), आणि चार महिन्यांत काय सुधारणं शक्य असतं. पुढचा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. तारीख मार्चवर गेली, फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकांच्या अभिप्रायाचा उल्लेख करत बेमुदत पुढे गेली, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवलं गेलं. या क्रमातल्या प्रत्येक टप्प्याची बातमी करताना इथल्या आर्टिस्टांच्या प्रोफाइलवर जाऊन शिव्या देणाऱ्यांचे स्क्रीनशॉट ‘चाहत्यांची प्रतिक्रिया’ म्हणून लावायचा मोह झाला तर आवरा. इथल्या स्टुडिओंत काम करणारी ही पोरं उद्या तुमच्याशी बोलणार आहेत की नाही, ते तिथेच ठरतं.

किती लोक चिडले, हेही मोजायला अवघड. ‘कॉल ऑफ ड्यूटी: इन्फिनिट वॉरफेअर’च्या मे २०१६ मधल्या ट्रेलरला यूट्यूबवर तीस लाखांहून अधिक नापसंती मिळाल्या. अवकाशातल्या लढायांना लोक विटले होते, आणि त्याच आठवड्यात पहिल्या महायुद्धावरचा ‘बॅटलफील्ड १’ समोर आल्यानं तुलना आयती मिळाली. आणि तरीही त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक विकला गेलेला गेम ‘इन्फिनिट वॉरफेअर’च ठरला. २०२१ च्या नोव्हेंबरपासून यूट्यूबनं नापसंतीचा आकडा सर्वांना दाखवणंच बंद केलं, त्यामुळे तो आळशी मथळा तसाही गेला. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ जून २०२० मध्ये आला त्या दिवशी काही तासांत मेटाक्रिटिक या गुण गोळा करणाऱ्या साइटवर हजारो लोकांनी शून्याच्या आसपास गुण दिले. गेम वीस तासांहून मोठा. कथानक एप्रिलमध्येच फुटलं होतं आणि राग तेव्हापासून साठला होता. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकनं नव्या गेमवर वापरकर्त्यांचे गुण ३६ तास उशिरा घ्यायला सुरुवात केली.

आणि चिडलं कोण, हे तर नक्की विचारा. नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्लिझकॉनला, म्हणजे ब्लिझार्डच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, डायब्लोच्या नव्या भागाची वाट बघणाऱ्यांसमोर मोबाइलवरचा ‘डायब्लो इम्मॉर्टल’ ठेवला गेला. सभागृहात हुर्यो झाली, तेव्हा मंचावरून प्रश्न आला की तुमच्याकडे फोन नाहीत का? अमेरिकेतल्या पीसीवाल्यांना तो अपमान वाटला, आणि त्यांच्या जागेवरून तो होताच. पण विरार लोकलमध्ये दारात लटकूनही मॅच पुरी करणाऱ्या पोरांच्या शहरात बसून ती बातमी जशीच्या तशी उतरवली तर ती कुणाची बातमी झाली? आपल्याकडे गेमिंगची ओळखच बहुतेकांना फोनवर होते. इथल्या वाचकाचा प्रश्न साधा होता: माझ्या फोनवर चालेल का, आणि पैसे किती मागेल. परदेशी मथळ्याचं मराठी करण्याआधी लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या भागातल्या डिस्क अदलाबदल करणाऱ्या दुकानात जाऊन अर्धा तास उभे राहा. तिथला मालक ट्रेलरवर दोन वाक्यं बोलतो, पण जुना भाग विकायला किती जण आले आणि नव्याचं बुकिंग किती जण विचारतायत, ते सांगतो. पाच हजारांच्या आसपास किंमत असलेल्या डिस्कबाबत ‘घेऊ का, थांबू?’ हा प्रश्न त्याच्यासमोर रोज उभा असतो.

फुटलेल्या व्हिडिओंबद्दल माझा नियम कडक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘जीटीए ६’चे अर्धवट अवस्थेतले सुमारे ९० व्हिडिओ बाहेर आले आणि ग्राफिक्स हेच का म्हणून लोक हसले. तेव्हा इतर गेम बनवणाऱ्यांनी आपापल्या गाजलेल्या गेमांची कच्ची दृश्यं टाकली, राखाडी ठोकळ्यांची, बिनकपड्यांच्या पुतळ्यांची. चोरीची बातमी करा. चोरलेल्या दृश्यांवरून गेम कसा आहे हे लिहू नका. अधिकृत ट्रेलर ५ डिसेंबर २०२३ ला ठरला होता, तोही आधी फुटला आणि गेम बनवणाऱ्या रॉकस्टारनं घाईनं टाकला. मुंबईत तेव्हा पहाट होती. अशा वेळी जागं असणं ही पात्रता नव्हे. मागच्या भागाची फाइल तयार असणं आहे.

ही फाइल म्हणजे काय, ते सांगून थांबते. प्रत्येक मोठ्या मालिकेसाठी एक पान ठेवा: मागचा भाग कधी आला, शेवट कुठे सोडला, लोकांना काय आवडलं, कशावर कुरकुर होती, स्टुडिओत तेव्हाची कोण माणसं उरली आहेत. मागचा भाग स्वतः संपवलेला असावा, व्हिडिओवर पाहिलेला चालणार नाही. कधी प्रीव्ह्यूची प्रत मिळतच नाही. ‘हॉलो नाइट’च्या पुढच्या भागाची, ‘सिल्कसाँग’ची, घोषणा २०१९ मध्ये झाली, गेम ४ सप्टेंबर २०२५ ला आला, आणि पत्रकारांना आगाऊ प्रत दिलीच नव्हती, सगळे एकाच रांगेत. त्या दिवशी ज्याच्याकडे ‘हॉलो नाइट’चं पान भरलेलं होतं, त्याचं लिखाण पहिल्या दोन तासांतही वाचण्यासारखं होतं. नोकरीसाठी नमुने पाठवताना रिव्ह्यू कमी आणि असे प्रीव्ह्यू जास्त पाठवा, सातशे-आठशे शब्दांचे. सोबत त्याच गेमवर रिलीजनंतर लिहिलेला तुकडाही जोडा, ट्रेलरवेळी लिहिलेलं किती टिकलं ते संपादकाला दिसू दे. मेलचा विषय मराठीत लिहिलात तरी चालतं, पण फाइलला ‘फायनल-फायनल-२’ असं नाव देऊ नका.