पोरगं जास्त पळतंय का, हे कसं ओळखायचं

2006 मध्ये ओडिशातला बुधिया सिंग 4 वर्षांचा असताना पुरी-भुवनेश्वर रस्त्यावर 65 किमी पळाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि नंतर सरकारने त्याचं लांब पळणंच बंद केलं. आकडा मोठा म्हणजे तब्येत चांगली असं नसतं हो.

आधी तास मोजा, किलोमीटर नंतर. 13 वर्षांच्या मुलीचा सगळा सराव मिळून आठवड्याला 13 तासांच्या वर नको, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी पाहिजेच, त्या दिवशी "हलकं जॉगिंग" पण नाही.

मग दुखणं बघा. दोन्ही पोटऱ्या भरून आल्या, दोन दिवसात उतरल्या तर ठीक. पण नडगीवर एकाच जागी बोट ठेवून "इथंच दुखतंय" म्हणाली, दाबलं की कळवळली किंवा रात्री झोपेतही ठणकायला लागलं तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि ऑर्थोपेडिककडे न्या, हाडाला बारीक चीर असू शकते आणि सुरुवातीला एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसतच नाही. वाढत्या वयात टाच आणि गुडघ्याखालचा उंचवटा पण असाच दुखतो.

मुलींची पाळी तीन महिने आली नाही की काही कोच म्हणतात "ट्रेनिंगमुळे होतं, चालतं". अजिबात चालत नाही! खाणं कमी पडतंय आणि हाडं कमजोर होतायत याची ती खूण असू शकते, डॉक्टरकडे जाच.

बाकी झोप, भूक, चिडचिड यावर लक्ष ठेवा. आणि बाबा सोबत नसताना ती आपणहून पळायला बूट घालते का, हेही बघा.